गंगाराम कांबळेंच्या हॉटेलचा हिशेब

चहाच्या हॉटेलचा हिशेब लिहायला फार मोठी विद्या लागत नाही. दूध किती, साखर किती, पत्ती किती, जळण किती, जागेचे भाडे किती, कामावरच्या पोराची मजुरी किती आणि रात्री गल्ल्यात उरले किती, एवढे एका पानावर मांडले की धंदा तरतो आहे की बुडतो आहे ते कळते. पण आपल्या महाराष्ट्रात एक हॉटेल असे होऊन गेले की त्याचा हिशेब या रकान्यांत मावत नाही. ते म्हणजे कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी काढलेले 'सत्यसुधारक हॉटेल'.

राजर्षी शाहू महाराजांनी त्या हॉटेलचा चहा घेतला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे. दरवर्षी २६ जूनला महाराजांच्या जयंतीच्या सभेत एखादा तरी वक्ता ती सांगतोच. टाळ्या पडतात आणि सभा संपते. परंतु त्या गोष्टीत आपण सारे महाराजांकडेच पाहतो. चुलीपाशी उभ्या असलेल्या गंगारामांकडे आणि गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या त्यांच्या रिकाम्या बाकड्यांकडे आपले लक्ष जात नाही. वाचकहो, या वेळी आपण तिकडे पाहू.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पदरी नोकरीला होते. जातीने महार. महाराज परगावी गेलेले असताना गंगारामांचा हात पाण्याच्या हौदाला लागला. तो हौद स्पृश्य नोकरांचा. त्यांनी गंगारामांना धरून बेदम मारले. महाराज परतल्यावर गंगारामांनी आपली कैफियत त्यांच्यापुढे मांडली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामांना त्यांनी चाकरीतून मोकळे केले, पैशाची मदत केली आणि स्वतःचा धंदा काढायला सांगितले.

आता पाहा, पाण्याला हात लागला म्हणून ज्या माणसाने मार खाल्ला, त्याने धंदा काढला तो चहाचा! कापड विकता आले असते, लाकूडफाटा विकता आला असता. त्याला विटाळ लागत नाही अशी समजूत होती. पण ज्या हाताचा स्पर्श हौदाला चालत नव्हता, त्याच हाताने उकळलेले पाणी दूधसाखर घालून भर रस्त्यावर साऱ्या कोल्हापूरला प्यायला द्यायचे, हे धाडस साधे नव्हते. आपण या धाडसाला टाळ्या वाजवायला विसरतो.

हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता, असे सांगतात. तरी वरच्या जातींचे गिऱ्हाईक फिरकेना. कोणी दगड मारला नाही, कोणी फळी मोडली नाही. त्याची गरजच नव्हती. आम्ही कारकुनी करतो, वाणिज्य शाखेचे शिकलो आहोत, म्हणून ही बाब आम्हाला जास्त टोचते. लोखंडाच्या दुकानदाराचा माल सहा महिने पडून राहिला तरी लोखंडच राहतो. चहावाल्याचा माल रोज मरतो. सकाळी घेतलेले दूध संध्याकाळपर्यंत खपले नाही तर नासते. दूध वाट पाहत नाही. म्हणून खाण्यापिण्याचा धंदा बुडवायचा असेल तर हात उगारावा लागत नाही. नुसते समोरून, मान वळवून, पलीकडच्या दुकानात जायचे. पंधरा दिवसांत काम होते.

हिशेबाच्या शास्त्रात 'गुडविल' नावाची एक मालमत्ता शिकवतात. दुकानाचे नाव, त्यावरचा लोकांचा विश्वास, यालाही पैशात किंमत असते आणि ती ताळेबंदात जमेच्या बाजूला लिहितात. या देशात मात्र काही माणसांच्या नावाची किंमत धंदा सुरू होण्यापूर्वीच खर्चाच्या बाजूला लिहिलेली असते. गंगारामांचे भांडवल महाराजांनी दिले. हे नावाचे ओझे मात्र भांडवलाने उतरणारे नव्हते.

महाराजांनी ते ओळखले. पुन्हा पैसे पाठवले असते तर चार महिने हॉटेल चालले असते आणि मग पुन्हा तेच. महाराज पैसे न पाठवता स्वतः गिऱ्हाईक झाले. स्वतः हाकलत असलेला आपला खडखडा ते गंगारामांच्या दारात उभा करीत आणि मोठ्या आवाजात चहा मागवीत. आपण घेत आणि सोबत गाडीत बसलेल्या ब्राह्मण-मराठा मंडळींनाही घ्यायला लावीत. राजाने चहा घेतल्यावर सोबतचा माणूस नाही कसा म्हणणार? आणि सोबतच्या माणसाने घेतल्यावर रस्त्यावर बघत उभा असलेला माणूस कुठल्या तोंडाने विटाळ सांगणार?

आमच्या मते महाराजांच्या साऱ्या कार्यात या चहाच्या कपाचे मोल फार मोठे आहे, आणि त्याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९२० साली बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ला त्यांनी मदत दिली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये माणगाव परिषदेला येऊन त्यांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे मान्य केले. ही कामे डोंगराएवढी आहेत. पण त्यांत महाराज देत होते. गंगारामांच्या दारात महाराज घेत होते. फरक येथे आहे.

आपल्या समाजव्यवस्थेत वरच्याने खालच्याला द्यायला कधीच बंदी नव्हती. शिळी भाकर दिली, जुने धडुते दिले, ओंजळीत वरून पाणी ओतले, याने कोणी बाटत नव्हता. उलट देणाऱ्याला पुण्य लागत होते. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी ओंजळीची ती पद्धत मोडली. आपल्या हौदाला त्यांचा हात लागू दिला. पण अजून एक पायरी बाकी होती. त्यांच्या हातचे आपण प्यायचे. जातीचा सारा किल्ला या एका पायरीवर उभा आहे. कोण कोणाच्या हातचे खातो, यावर जातीची उतरंड मोजली जाते. म्हणून देणे सोपे, घेणे अवघड.

या कसोटीवर आजचे पुढारीही घासून पाहावेत. निवडणूक आली की आपल्या वस्तीत जेवायला येतात, छायाचित्रे छापून येतात. २०१७ साली कर्नाटकात आणि २०१८ साली उत्तर प्रदेशात, दलिताच्या घरी बसून बाहेरून मागवलेले जेवण जेवल्याचे आरोप पुढाऱ्यांवर झाले होते. महाराजांच्या चहात आणि असल्या जेवणात जमीनअस्मानाचा फरक आहे. महाराज दाखवण्यापुरते एकदा येऊन गेले नाहीत. पुन्हा पुन्हा आले. धंद्याला एका दिवसाचा पाहुणा कामाचा नसतो. त्याला रोजचे गिऱ्हाईक लागते.

कोल्हापुरात हे घडत होते तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले असता हौदातल्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून तेथे मोठा गलका झाला. त्याआधी १९१७ साली बडोद्यात, परदेशातून उच्चशिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना पारशी पथिकाश्रमातून अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढले. हे सर्व त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांत आपल्या माणसांसाठी वेगळ्या कपबशा असत, हे आमच्या आईवडिलांनी आम्हाला सांगितले आहे. बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली कपबशी आपणच काढायची, आपणच धुवायची, चहा वरून ओतून घ्यायचा, उकिडवे बसून प्यायचा, पुन्हा धुऊन जागेवर ठेवायची. पैसे मात्र तेवढेच. तेही जमिनीवर ठेवायचे.

म्हणून संविधान वाचताना आपल्या मुलांना कलम १५ मुद्दाम दाखवावे. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही तेथे मज्जाव करता येणार नाही. एवढ्या मोठ्या देशाच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात चहाच्या हॉटेलची दखल का घ्यावी लागली, हे ज्याने कोनाड्यातली कपबशी धुतली त्याला सांगावे लागत नाही. पुढे १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा आला. १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. त्याच्या कलम ४ मध्ये हॉटेलातल्या भांड्यांच्या वापराचाही उल्लेख आहे. वेगळी कपबशी ठेवणाऱ्याला एक ते सहा महिने कैद आणि दंड, अशी शिक्षा आहे.

कायद्याने आपल्याला दुसऱ्याच्या हॉटेलात बसण्याचा हक्क दिला. हा हक्क मोठ्या लढ्याने मिळाला आणि तो रोज वापरून जागता ठेवला पाहिजे. पण गंगारामांचा प्रश्न याच्या उलट बाजूचा होता. दुसऱ्याने आपल्या हॉटेलात येऊन बसावे, यासाठी कोणता कायदा? संघटित बहिष्कार घातला तर गुन्हा आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा वेगळा कायदाही आहे. पण समोरून मान वळवून जाणाऱ्या एकेका माणसाला कोणते कलम लावणार? 'मला आज चहाची तलफ नाही' असे म्हणणाऱ्यावर फिर्याद होत नाही.

हे शंभर वर्षांपूर्वीचे दुखणे आहे, आता सारे मिटले, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी तीन बातम्या पुरेत. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी, स्वयंपाक करणाऱ्या बाईने जात लपवून सोवळ्याचा स्वयंपाक केला म्हणून पोलिसांत तक्रार दिली. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या सुखीढांग येथे शाळेत दलित भोजनमातेने शिजवलेले अन्न काही मुलांनी नाकारले. लहान मुलांनी! घरात शिकल्याशिवाय मुले हे शिकत नाहीत. आणि जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या हॉटेलवाल्यांनी आपली नावे फलकावर लावावीत, असे फर्मान निघाले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अन्न कोणते आहे ते लिहा, मालकाच्या नावाची सक्ती नको, असे न्यायालयाने बजावले. ताटात काय आहे यापेक्षा ते कोणाच्या हातचे आहे, हा प्रश्न अजून संपलेला नाही.

आता गंगारामांच्या हॉटेलकडे परत येऊ. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. खडखड्याचा तो आवाज भाऊसिंगजी रस्त्यावर पुन्हा आला नाही. गंगारामांनी उपकार विसरले नाहीत. त्यांनी पुढाकार घेऊन, अस्पृश्य बांधवांच्या साथीने, त्याच दशकात कोल्हापूरच्या नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभारले. महाराजांचे पहिले स्मारक म्हणून त्याचा मान आहे. राजवाड्यातल्यांच्या आधी एका चहावाल्याने राजाचे स्मारक केले, ही गोष्टही सभांमध्ये सांगितली पाहिजे. ते हॉटेल आज चालू नाही. चूल विझली, आठवण राहिली.

हॉटेल बंद होणे हे काही जगावेगळे नाही. मुंबईतली इराण्यांची हॉटेले पाहा. इराणातल्या यझ्द, केरमानकडून आलेल्या या लोकांनी, अशुभ म्हणून इतरांनी नाकारलेल्या कोपऱ्यावरच्या जागा घेतल्या आणि तेथे संगमरवरी टेबले मांडली. पोटासाठी मुंबईला गेलेल्या आपल्या माणसाला तेथे कोणी जात विचारत नसे. ब्रुन-मस्का आणि पानी कम चाय सगळ्यांना एकाच कपात. पुढे मुले शिकून दुसऱ्या व्यवसायात गेली, जागेचे भाव आभाळाला भिडले, आणि एकेक इराणी बंद झाला. धोबीतलावची 'बस्तानी' २००४ साली बंद झाली, तेव्हा कितीतरी जणांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. अशा बंद होण्याचे दुःख असते, पण त्यात अपमान नसतो. माणसाने धंदा सोडला तर ती त्याची मर्जी. धंद्याने माणसाला जातीसाठी सोडले तर तो घाव आहे.

हा घाव आज आमच्या बिलोलीच्या दारात उभा आहे, म्हणून हे सारे लिहायला घेतले. आपल्या वस्तीतला एक तरुण काही वर्षे निजामाबादकडे हॉटेलात राबून परत आला. सुशीला, भजी, पोहे, चहा सारे उत्तम करतो. स्टँडच्या बाजूला एक गाळा त्याला मिळतो आहे. कर्जाचे कागद भरायला तो आमच्याकडे आला. अर्जात धंद्याचे नाव लिहायचा रकाना आला आणि त्याचा हात थांबला. वडील म्हणतात, एखाद्या देवाचे नाव दे, कोणाला शंका येणार नाही. आई म्हणते, मग आपण विहारात कशाला जातो? थोरला भाऊ म्हणतो, काहीच देऊ नको, नुसते 'चहा-नाष्टा' लिही. चार दिवस घरात हाच वाद.

वडिलांना आम्ही भित्रे म्हणणार नाही. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबून पोर वाढवले आहे. कर्जाचा हप्ता चुकला तर कोणाच्या दारात उभे राहायचे, हा हिशेब त्यांच्या डोक्यात आहे आणि तो खोटा नाही. नाव लपवून धंदा करणाऱ्यांवर आपण उठसूट टीका करतो, पण त्यांचे नासलेले दूध विकत घ्यायला आपण जात नाही, हेही खरे.

तरी आम्ही त्याला एक गोष्ट सांगितली. खाद्यपदार्थांच्या धंद्याला नोंदणी लागते आणि ते प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावावे लागते. त्यावर मालकाचे नाव आडनावासकट छापलेले असते. बाहेरच्या फलकावर लपवलेले नाव आतल्या भिंतीवर उघडे पडणारच. आणि आमचे गाव एवढेसे की, स्टँडवर उतरणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी कळेल हा कोणाचा पोरगा. मग लपवण्यात रोजची धास्ती तेवढी पदरात पडते. गिऱ्हाईक नाव वाचून येणार नसेल तर नाव कळल्यावर टिकणारही नाही. त्यापेक्षा पहिल्या दिवशीच नाव सांगून बसावे. जो आला तो आपला.

पोराने ऐकून घेतले. रकाना अजून कोरा आहे. निर्णय त्याचा आहे, कारण हप्ता तोच भरणार आहे. पण आपल्या बाजूने काही करता येते का, हे आपण पाहायचे आहे. आज महाराज खडखडा घेऊन येणार नाहीत. मुद्रा योजना २०१५ पासून आहे, तिच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना उभी केली. हे गृहस्थ मूळचे आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातले. म्हणजे भांडवलाच्या वाटा थोड्याफार उघडल्या आहेत. गिऱ्हाईक मात्र कोणत्याही महामंडळात मिळत नाही. ते आपणच व्हावे लागते.

येथे थोडे कडू बोलतो, बंधूंनी राग मानू नये. आपल्या माणसाने हॉटेल काढले की आपण तेथे जातो खरे, पण कसे? एक चहा दोघांत, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, तीन तास चर्चा, आणि उठताना 'मांडून ठेव'. परका बाहेरून बहिष्काराने मारतो आणि आपला आतून उधारीने मारतो. दोन्हीकडून दूधच नासते. उधारीच्या वहीत आपुलकी लिहिता येते, पण दूधवाला आपुलकी घेत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. जेथे आपल्या माणसाचे हॉटेल, खानावळ, चहाची गाडी असेल तेथे रोख पैसे देऊन खा. चव बिघडली तर तोंडावर सांगा, कारण गोड बोलून दुसरीकडे जाण्याने त्याचे जास्त नुकसान होते. आणि कचेरीतला, शाळेतला, शेतातला आपला एखादा दुसऱ्या समाजाचा मित्र असेल तर त्याला सोबत घेऊन जा. महाराजांनी हेच केले होते, गाडीतल्या सोबत्यांना कप हातात दिला होता. मित्र खरा असेल तर घेईल. नाही घेतला तर मैत्रीचा हिशेबही त्याच बाकड्यावर मिटेल.

बिलोलीचा गाळा पुढच्या महिन्यात उघडावा, अशी खटपट चालू आहे. फलकावर नाव कोणते येईल ते येवो. पहिल्या रविवारी वंदना झाली की आपण सर्वांनी सहकुटुंब तेथे जायचे आहे. सुट्टे पैसे घेऊन या.

जयभीम.